बारावीच्या मुलांचे साहित्यवाचन : एका सत्राची आखणी

(सोलापूर येथे समाजाच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आज ज्या मुलामुलींचा येथे सत्कार झाला त्या सर्वांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. मुलांना उपदेशाचे चार शब्द सांगावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा आहे. परंतु उपदेशाची आपल्या मुलांना कधीच वाण पडलेली नाही. म्हणून आज मुलांपेक्षा त्यांच्या आईवडिलांशी आणि संघाच्या कार्यकर्त्यांशी बोलावे, आणि उपदेशाऐवजी एक आखणी त्यांच्यापुढे ठेवावी, असे मी योजिले आहे. बारावीत गेलेल्या मुलांना जूनपासून दिवाळीपर्यंतच्या एका सत्रात साहित्य कसे वाचावयास द्यावे, याची ही आखणी आहे.

मराठी शिकविण्यात माझी हयात गेली. तेव्हा आजची स्थिती काय आहे हे मी स्पष्टपणे सांगितले तर आपण राग मानणार नाही. बारावीचा मराठी विषय हा आज बहुतेक घरांत ‘काढून टाकण्याचा’ विषय झाला आहे. मूळ पाठ वाचण्याआधी मुलाच्या हाती गाईड पडते. कवितेचे रसग्रहण तो पाठ करतो, आणि ती कविता एकदाही मोठ्याने म्हणत नाही. पाठ्यपुस्तकात असतात ते उतारे. कादंबरीचे एक प्रकरण, नाटकाचा एक प्रवेश, आत्मचरित्राची चार पाने. पाठ्यपुस्तकाला याहून अधिक जागा नसते. त्याचा दोष कोणाला देता येणार नाही. पण त्याचा परिणाम असा होतो की, बारा वर्षे शाळेत जाऊन, चांगले गुण मिळवून, एकही पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत न वाचलेला मुलगा आपल्यातून बाहेर पडतो. आज सत्कार झालेल्यांपैकी किती जणांनी असे एक पुस्तक वाचले आहे, हे मी येथे विचारणार नाही. घरी गेल्यावर आपणच विचारावे.

आपल्या समाजाची आणखी एक अडचण आहे. आपले पूर्वज तेलंगणातून या शहरात आले, माग घेऊन आणि भाषाही घेऊन. आजही पूर्वभागातील अनेक घरांत चुलीपाशी तेलुगू आणि शाळेत मराठी असा व्यवहार चालतो. मुलाला घरचे ‘मग्गम’ ठाऊक असते, शाळेतला ‘माग’ही ठाऊक असतो, परंतु या दोन शब्दांमध्ये ये-जा करण्यास त्याला कोणी शिकविलेले नसते. मग वर्गात तो गप्प बसतो. आपले मराठी अशुद्ध आहे, असे त्याच्या मनाने घेतलेले असते. हा न्यूनगंड अकारण आहे. भारत सरकारने तेलुगूला २००८ साली आणि मराठीला २०२४ साली अभिजात भाषा म्हणून मान्यता दिली. ज्या मुलाच्या घरी अशा दोन भाषा नांदतात तो दरिद्री नव्हे, श्रीमंत आहे.

याची साक्ष याच शहरात आहे. वरकवी द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. त्यांनी काव्य लिहिले कन्नडमध्ये. १९४४ ते १९५६ अशी बारा वर्षे ते आपल्या सोलापूरच्या डी. ए. व्ही. महाविद्यालयात कन्नडचे प्राध्यापक होते, आणि १९७३ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक त्यांना मिळाले. कविवर्य लक्ष्मीनारायण बोल्ली तर आपल्यातलेच. मातृभाषा तेलुगू, लेखन मराठीत, आणि दोन्ही भाषांमध्ये अनुवादाचा पूल बांधण्याचे काम आयुष्यभर. त्यांच्या आत्मकथनाचे नावच ‘एका साळियाने’ असे आहे. जे त्यांना साधले त्याचा प्रारंभ तरी आपल्या मुलांना करता यावा.

आता प्रत्यक्ष आखणीकडे वळतो. अकरावीचे प्रवेश बरेच लांबतात, म्हणून ही योजना बारावीच्या मुलांसाठी आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून दिवाळीच्या सुटीपर्यंत साधारणतः सतरा आठवडे मिळतात. नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव आणि गणेशोत्सव यांसाठी एक, नवरात्रासाठी एक आणि महाविद्यालयातील चाचणीसाठी एक, असे तीन आठवडे सोडावेत. राहिले चौदा. आठवड्यातून दोन बैठका, प्रत्येकी सव्वा तासाची, म्हणजे एकूण अठ्ठावीस बैठका. माग चालू करण्यापूर्वी ताण्याचे धागे मोजून घ्यावे लागतात, हे आपणांस मी काय सांगावे! अठ्ठावीस बैठकांत जेवढे बसेल तेवढेच घ्यावयाचे. थोडे घ्यावे, पण पुरे करावे. या आखणीचे सारे तत्त्व एवढेच आहे.

पहिल्या सहा बैठका कवितेच्या, आणि त्या कानांनी ऐकावयाच्या. हे दिवस आषाढीचे असतात. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सोलापुरावरून पंढरपुरास जाते, तेव्हा अभंग रस्त्यावरच ऐकू येतात. आपल्या जिल्ह्याएवढे भाग्य क्वचित कोणाच्या वाट्यास आले असेल. मंगळवेढ्याचे चोखोबा आणि कान्होपात्रा, अरणचे सावता माळी, पंढरपूरचे नरहरी सोनार हे सारे आपले शेजारी. सावतोबांनी मळ्यातले शब्द अभंगात आणले, गोरोबांनी चाकावरचे, नरहरींनी सोनाराच्या पेढीवरचे. आणि तिकडे काशीत कबीर तर विणकरच होता. प्रत्येकाने आपल्या धंद्याचीच भाषा भक्तीच्या कामी लावली, ही गोष्ट मुलांच्या ध्यानात आणून द्यावी. त्यांनीही आपल्या घरातून मागाचे वीस शब्द, तेलुगू आणि मराठी, लिहून आणावेत. एका बैठकीत प्रत्येकाने आजीकडून शिकलेले वेमनाचे एक पद्य म्हणावे आणि त्याचा अर्थ मराठीत सांगावा. एक बैठक सोलापूरच्याच शाहीर राम जोशींना द्यावी. पेशवाईच्या उत्तरकाळातला हा कवी एकाच रचनेत अनेक भाषा खेळविण्यास कचरला नाही. आपल्या शहराचा तो स्वभावच आहे.

पुढील आठ बैठका एका कादंबरीच्या : व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली. पुस्तक छोटेखानी आहे आणि भाषा स्वच्छ आहे. त्यातला माणदेश आपल्या सांगोला तालुक्याला लागूनच आहे. एक कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवावयास जातो. पोरे मेंढरांमागे जाणारी. त्यांना शाळेत बसविले तर मेंढरे कोणी राखावीत, हा वाडीचा प्रश्न. शेवटी दुष्काळ येतो आणि वाडी ओस पडते. या पुस्तकावर ‘कारभाऱ्याचे स्वभावचित्र रेखाटा’ असा प्रश्न देऊ नये. मुलांचे दोन गट करावेत. एकाने मास्तराची बाजू मांडावी. दुसऱ्याने, मूल शाळेत पाठविण्यास का-कू करणाऱ्या बापाची. हा दुसरा बाप आपल्यापैकी कित्येकांच्या घरी होऊन गेला आहे. कांडी भरण्यास, विड्या वळण्यास एक हात कमी होईल म्हणून शाळा सुटलेल्या मुली आपल्या आया-आज्यांमध्ये आहेत. त्या बापाला मूर्ख न ठरविता त्याचे म्हणणे समजून घेणे, आणि समजून घेऊनही ते न पटणे, हे ज्या मुलाला जमले त्याला कादंबरी वाचता आली असे मी म्हणेन.

त्यानंतर सहा बैठका नाटकाच्या. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. ते मनात वाचण्याचे नव्हे; भूमिका वाटून घेऊन मोठ्याने वाचावयाचे. ज्याचा उच्चार अडखळतो त्यालाच आधी मोठे भाषण द्यावे, आणि कोणीही हसू नये असा दंडक ठेवावा. तीन बैठकांनंतर त्याची जीभ मोकळी होते, हा माझा अनुभव आहे. आपली सारी मिळकत मुलांच्या हवाली करणाऱ्या बापाची आणि त्याच्या पत्नीची ती कथा. सतरा वर्षांच्या मुलाने ती आपल्या आजी-आजोबांच्या घरात राहून वाचली, तर तिचे निराळे स्पष्टीकरण देण्याची गरज मास्तराला पडत नाही.

पुढील सहा बैठका लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’ना. हा ग्रंथ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाला. तो मोठा आहे. तेव्हा वर्गात मुख्य प्रकरणे मोठ्याने वाचावीत आणि मधला भाग घरी वाचण्यास द्यावा. शाळेचे तोंडही धड न पाहिलेल्या स्त्रीने मराठीतले एक सर्वोत्तम गद्य लिहिले, हे आपल्या मुलींनी आवर्जून वाचावे. नवऱ्याने १८९५ साली धर्मांतर केले, संसार दुभंगला, आणि तरीही तिच्या लेखणीतील हसू लोपले नाही. हा ग्रंथ एका जातीच्या सभागृहात का वाचावा, अशी शंका कोणी घेईल. माझे उत्तर असे की, तो येथेच वाचला पाहिजे. संघाने मुलांना आधार द्यावा तो त्यांनी कुंपणापलीकडे पाहावे म्हणूनच. धनगराचे, नटाचे, धर्म बदललेल्या घरातील स्त्रीचे दुःख ज्याला आपले वाटले, तोच पुढे आपल्या समाजाचे म्हणणे इतरांना पटेल अशा भाषेत सांगू शकेल.

शेवटच्या दोन बैठका मुलांच्या स्वतःच्या लेखनाच्या. सत्रभर प्रत्येकाने एक वाचनवही ठेवावी; दर बैठकीस पाच ओळी, अधिक नाही. अखेरीस त्यातून दोन पानांचा एक लेख तयार करून सर्वांसमोर वाचावा. विषय घरचाच असावा : वडिलांचा यंत्रमाग, आईची विड्यांची सुपे, बंद पडलेली गिरणी, दोन भाषांतील भांडण. या वर्गास परीक्षा नको आणि गुणही नकोत. पुढे दिवाळीच्या सुटीत प्रत्येकाने हिराचंद नेमचंद वाचनालयातून आपल्या मनाने एक पुस्तक आणावे. २००६ साली सोलापुरात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आणि सोलापूरचेच सुपुत्र मारुती चितमपल्ली यांची जंगलावरील पुस्तके मी सुचवीन. पण निवड मुलाची असावी. पुस्तक स्वतः निवडण्याची सवय लागली तर आपले काम झाले.

आता पालकांच्या शंका. पहिली शंका वेळेची. आठवड्यातून अडीच तास जातील, मग भौतिकी-रसायन केव्हा करावयाचे? मी त्यांना विनवितो की, मूल आठवड्यात मोबाइलवर किती तास घालवते हे एकदा मोजून पाहावे, म्हणजे अडीच तास कोठून काढावयाचे ते दिसेल. दुसरी शंका पोटाची. साहित्याने पोट भरते काय? भरत नाही, आणि भरते असे खोटे आश्वासन मी देणार नाही. स्पष्ट बोलता-लिहिता येण्याचा मुलाखतीत उपयोग होईल, हे खरे आहे, पण ते दुय्यम आहे. या शहरात गिरण्या बंद पडलेल्या आपण पाहिल्या, धंद्याचे चढउतार सोसले. अशा वेळी माणसाला धीर देणारे, आपल्याआधीही माणसे यातून गेली आहेत हे सांगणारे काहीतरी मनात साठविलेले असावे लागते. ती साठवण सतराव्या वर्षी होते. चाळिसाव्या वर्षी ती करण्यास फुरसत मिळत नाही.

अखेर संघाकडे माझी तीन मागणी आहेत. एक, पुढील वर्षी सत्कारात स्मृतिचिन्हांवर होणाऱ्या खर्चातून वर सांगितलेल्या तीन पुस्तकांच्या प्रत्येकी दहा प्रती घ्याव्यात. वीस मुलांच्या वर्गास, दोघांत एक याप्रमाणे, त्या पुरतील. सत्र संपल्यावर त्या कपाटात परत याव्यात आणि पुढच्या वर्षी पुन्हा बाहेर निघाव्यात. दोन, बैठक सायंकाळी पाचला सुरू करून सव्वासहाला संपवावी, म्हणजे मुलींना घरून आडकाठी होणार नाही. वर्गात निम्म्या तरी मुली असाव्यात. तीन, समाजातील निवृत्त शिक्षक-शिक्षिकांनी पाळीपाळीने हा वर्ग चालवावा. माझ्या वाट्यास येतील त्या बैठका घेण्यास मी तयार आहे, आणि त्यासाठी मानधनाची अपेक्षा नाही.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या हाती आज प्रशस्तिपत्रे आहेत. त्यांचा मला आनंद आहे. त्यांच्या शेजारी घरातल्या फळीवर पूर्ण वाचलेली तीन पुस्तके आणि भरलेली एक वही येत्या दिवाळीपर्यंत असावी, एवढीच माझी इच्छा आहे.