आधी पडदा, मग पेटी



तुळशीचं लग्न लागलं की गावोगावच्या फोटो स्टुडिओंची धावपळ सुरू होते, ती आषाढी एकादशीला चातुर्मास लागेपर्यंत थांबत नाही. मग पावसाळ्यात दोन कामं उरतात. राहिलेले अल्बम पुरे करायचे, आणि सीझनभर रडतखडत चाललेल्या संगणकाचं काय करायचं ते ठरवायचं. तालुक्याच्या गावातला फोटोग्राफर अशा वेळी लाख-दीड लाख रुपये जमवून मुंबईला लॅमिंग्टन रोड गाठतो आणि पहिल्याच दुकानात विचारतो, ‘ग्राफिक्स कार्ड कोणतं टाकू?’

त्याच्या खऱ्या तक्रारी मात्र वेगळ्याच असतात. ‘प्रिंट काळी आली’ ही पहिली आणि ‘प्रिंट पिवळी आली’ ही दुसरी. दोष बहुतेक वेळा लॅबच्या माथी जातो. पण कारण अनेकदा त्याच्या टेबलावरच असतं. मॉनिटर कारखान्यातून निघतो तेव्हा त्याची चमक चढवलेली असते. अडीचशे ते साडेतीनशे कँडेला प्रति चौरस मीटर इतका प्रकाश तो डोळ्यांत ओततो. छपाईसाठी फोटो सुधारताना ही चमक ८० ते १२० च्या आसपास असायला हवी, कारण कागदाला स्वतःचा उजेड नसतो. खोलीत असेल तेवढाच तो परत पाठवतो. भगभगीत पडद्यावर फोटो उजळ दिसतो, एडिटर तो थोडा उतरवतो, आणि अल्बम अंधारलेला येतो. पिवळेपणाचंही तसंच. पडदा निळसर असेल तर हात आपोआप पिवळा वाढवतो. हळदीच्या फोटोंत आधीच सगळीकडे पिवळं. त्यात ही भर पडली की नवरीच्या चेहऱ्यावर हळदीऐवजी कावीळ दिसते. दीड लाखाचं ग्राफिक्स कार्ड घातलं तरी यात काडीचा फरक पडणार नाही.

म्हणून फोटो एडिटिंगच्या संगणकाची यादी पडद्यापासून लिहायला घ्यावी. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, हे सांगणं शोभूनही दिसतं. याच रस्त्यावरच्या मिनर्व्हा थिएटरात ‘शोले’ पाच वर्षं चालला होता, ७० मिलिमीटरच्या भव्य पडद्यावर. आज तिथं रॅम, मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन जाणाऱ्यांची गर्दी असते, आणि मॉनिटर बहुतेक जण शेवटी, उरलेल्या पैशांत उचलतात.

त्यातही गेमिंगचा वक्र मॉनिटर खपवला जातो. १६५ हर्ट्झचा वेग स्थिर फोटोला कशासाठी हवा? फोटोच्या कामाला आयपीएस जातीचं पॅनेल घ्यावं, कारण बाजूनं किंवा वरून पाहिलं तरी त्यातले रंग फारसे बदलत नाहीत. स्वस्त टीएन पॅनेलवर मान थोडी हलवली तरी सावल्यांची छटा बदलते. दुकानात याची परीक्षा सोपी आहे. पेनड्राइव्हवर आपलाच एक ओळखीचा फोटो न्यावा, काळ्या कोटातल्या नवरदेवाचा असला तर उत्तम, आणि तो समोरून, बाजूनं, उभं राहून पाहावा. कोटाच्या घड्या प्रत्येक ठिकाणाहून सारख्या दिसल्या पाहिजेत. आकार २७ इंच आणि २५६० बाय १४४० पिक्सेल हा आज मध्यम खर्चातला चांगला जोड आहे. फोरके मिळाला तर बारकावे जास्त दिसतात, पण त्यासाठी रंगांशी तडजोड करू नये.

रंगांबाबत दोन नावं कानावर पडतात. एसआरजीबी ही रंगांची मर्यादा ह्युलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये आखली, आणि अ‍ॅडोबी आरजीबी १९९८ ची. दुसरीत रंग जास्त मावतात, विशेषतः हिरव्या आणि निळसर हिरव्या बाजूला. तेव्हा जास्त महाग तेच घ्यावं, असं वाटणं साहजिक आहे. पण अल्बम छापणारी लॅब फाइल एसआरजीबीतच मागत असेल, आणि ग्राहक बाकीचे फोटो मोबाइलवरच पाहणार असेल, तर एसआरजीबी पूर्ण दाखवणारा मॉनिटर पुरतो. प्रदर्शनासाठी स्वतः प्रिंट काढणाऱ्या कलावंताची गोष्ट वेगळी. त्याला अ‍ॅडोबी आरजीबीचा खर्च परवडवून घ्यावा लागतो.

मॉनिटरइतकंच महत्त्वाचं आहे ते कॅलिब्रेटर नावाचं लहानसं यंत्र. ते पडद्यावर टेकवून ठेवतात. संगणक एकामागून एक रंगांचे चौकोन दाखवतो, यंत्र ते मोजतं आणि त्या पडद्याची चूक भरून काढणारी प्रोफाइल तयार होते. पांढरा रंग ६५०० केल्विन, गॅमा २.२, चमक सुमारे १०० असं लक्ष्य ठेवलं की बहुतेक स्टुडिओंचं काम भागतं. पडदा जुना होताना रंग सरकतात, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी हे पुन्हा करावं लागतं. एकट्याला खर्च जड वाटला तर गावातल्या चार स्टुडिओंनी मिळून एक यंत्र घ्यावं आणि आळीपाळीनं वापरावं. धंद्यातली स्पर्धा इथं आड येऊ नये. भिंतीला मात्र राखाडी किंवा पांढरा रंग हवा. गुलाबी किंवा केशरी भिंतीवरून परतणारा उजेड डोळ्यांना फसवतो.

पडद्याचं ठरलं की मग पेटी. फोटोच्या कामाला ती किती ताकदीची हवी, हे गणितानंच कळतं.

आपल्याकडे लग्नाच्या अल्बमचं उघडलेलं पान १२ बाय ३६ इंचांचं असतं. ३०० डीपीआयनं ते ३६०० बाय १०८०० पिक्सेलचं होतं, म्हणजे ३ कोटी ८८ लाख ८० हजार पिक्सेल. लाल, हिरवा, निळा मिळून प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट, म्हणजे नुसता एक भरलेला लेयर सुमारे ११७ एमबीचा. सोळा बिटमध्ये काम केलं तर याच्या दुप्पट. फोटोशॉप बाजारात आलं १९९० मध्ये, आणि लेयर आले १९९४ च्या ३.० आवृत्तीत. तेव्हापासून मेमरीची भूक वाढतच गेली आहे. पार्श्वभूमी, सहा-सात फोटो, मास्क, सावल्या, नावांची अक्षरं असे वीस लेयर झाले आणि ते पानभर पसरले, तर एकच पान दोन जीबीच्या पुढे जातं. मागे जाण्यासाठी फोटोशॉप जी हिस्टरी सांभाळतं, ती वेगळी. अशी तीन-चार पानं उघडी, शेजारी लाइटरूम, ब्राउझरमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर ग्राहकाचे निरोप; आणि फोटोशॉप तर आपणहून उपलब्ध मेमरीच्या ७० टक्क्यांपर्यंतच हात पसरतं. रॅम संपली की ते डिस्कवर लिहायला लागतं, आणि माऊस चिखलातून ओढल्यासारखा चालतो. अ‍ॅडोबीनं किमान ८ जीबी आणि शिफारस म्हणून १६ जीबी सांगितलं आहे. अल्बमचं काम करणाऱ्यानं ३२ जीबी घ्यावी. १६ च्या दोन पट्ट्या घ्याव्यात, म्हणजे दोन्ही मार्गांनी डेटा वाहतो. आणि पट्टी बसवल्यावर बायॉसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो चालू आहे ना, ते तपासावं. नाहीतर पैसे वेगवान रॅमचे जातात आणि ती मूळच्या कमी वेगानं चालत राहते.

प्रोसेसरचं मुख्य काम रॉ फाइल उघडण्याचं. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका एकच रंग पाहतो. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी १९७६ मध्ये पेटंट मिळवलेल्या रचनेनुसार निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात खरे लाल ठिपके ६० लाखच असतात. उरलेला लाल रंग शेजाऱ्यांवरून हिशेबानं भरावा लागतो. तो हिशेब प्रोसेसर करतो, हजारो फोटोंसाठी. एक्सपोर्टला जास्त कोर उपयोगी पडतात, तर ब्रश फिरवताना एकेका कोरचा वेग. दोन्ही गोष्टी आजच्या मधल्या श्रेणीत मिळतात: रायझन ५ किंवा ७, नाहीतर इंटेलचा आय५ किंवा आय७.

इथं एका फसगतीपासून सावध राहायला हवं. सेकंडहँड बाजारात ‘आय७ मशीन आहे’ म्हणून २०१३ चा आय७-४७७० विकला जातो. त्यात चार कोर आहेत. २०२२ चा आय५-१२४०० सहा कोरचा आहे आणि त्याला सहज मागे टाकतो. शिवाय तो जुना आय७ विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही, आणि विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतला वरच्या श्रेणीचा प्रोसेसर घेणाऱ्यानं बायॉस अद्ययावत करून घ्यावं. त्यांतली अस्थिरता २०२४ मध्ये उघड झाल्यावर कंपनीनं दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

आता त्या ग्राफिक्स कार्डाकडे. काही वर्षांपूर्वी फोटोवाल्यांना त्याशिवाय चाललं असतं. एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूममध्ये एआय डीनॉइज आलं आणि चित्र बदललं. अंधाऱ्या हॉलमधलं रिसेप्शन, आयएसओ ६४००, दाणेदार फोटो. तो स्वच्छ करायला साध्या ऑनबोर्ड ग्राफिक्सवर कित्येक मिनिटं लागू शकतात, चांगल्या कार्डावर काही सेकंद. तेव्हा कार्ड हवंच, पण ८ जीबी मेमरीचं, आरटीएक्स ४०६० च्या तोडीचं पुरतं. ते ११५ वॅट खातं. आरटीएक्स ४०९० खातं ४५० वॅट, आणि त्याच्या किमतीत उत्तम मॉनिटर, कॅलिब्रेटर आणि यूपीएस मिळूनही पैसे उरतात.

डिस्कचा हिशेब पुन्हा लग्नावरून. दोन कॅमेऱ्यांचे मिळून ३००० फोटो, रॉ फाइल सुमारे ३० एमबी, म्हणजे एका लग्नाचे ९० जीबी. चाळीस लग्नांचे ३.६ टीबी. चालू काम एनव्हीएमई एसएसडीवर, लाइटरूमचा कॅटलॉगही तिथंच, आणि पुरं झालेलं काम मोठ्या हार्ड डिस्कवर, ही वाटणी सोयीची. जेन ४ ची एसएसडी सेकंदाला ७००० एमबीच्या घरात वाचते, हार्ड डिस्क दीडशे-दोनशे. पण ७००० चा आकडा पाहून हुरळून जाणाऱ्या कितीतरी स्टुडिओंत कार्ड रीडर जुना यूएसबी २ चा असतो. त्यातून ९० जीबी उतरायला पाऊण तास लागतो. यूएसबी ३ च्या रीडरमधून साध्या यूएचएस-१ कार्डवरूनही तेच काम पंधरा-वीस मिनिटांत होतं. सगळ्या यादीत सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त वेळ वाचवणारी वस्तू हीच.

मदरबोर्डवर रॅमच्या चार आणि एम.२ च्या निदान दोन जागा असाव्यात, म्हणजे पुढे वाढवता येतं. कॅबिनेटला पुढून जाळी हवी, रंगीत दिवे नसले तरी चालतील.

एसएमपीएसवर मात्र कुणी काटकसर करू नये. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा डबा घेऊ नये; एटी प्लस ब्रॉन्झ किंवा वरचा, ५५० ते ६५० वॅटचा घ्यावा. गावाकडे वीज जाते, येते, दाब खालीवर होतो. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. एक्सपोर्ट आणि डीनॉइज एकदम चालू असताना हे मशीन आणि मॉनिटर मिळून त्याच्या आसपास जातात. वीज गेल्या क्षणी यूपीएसनं मान टाकली तर अर्धं लिहिलेलं पान गेलं. १ केव्हीए, जमल्यास प्युअर साइन वेव्हचा यूपीएस घ्यावा आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावं.

आणि दुसरी डिस्क. खरं तर तिसरीसुद्धा. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रो यांनी रुजवलेला ३-२-१ चा नियम असा: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, एक वेगळ्या जागी. स्टुडिओत एक, बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक, आणि एक घरी कपाटात किंवा क्लाउडवर. प्रोसेसर जळला तर नवा मिळतो. सप्तपदी पुन्हा घालायला लावता येत नाही, आणि त्या फोटोत असलेले आजोबा पुढच्या वर्षी असतीलच असं नाही. यादीतून काही गाळायचंच असेल तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा, पण बॅकअपची डिस्क गाळू नये.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कुणी या पावसाळ्यात नवं मशीन घेणार असेल, तर त्याआधी दोन कामं करावीत. चालू मशीनवर नेहमीचा अल्बम उघडून टास्क मॅनेजरकडे पाहावं, आणि सीपीयू, मेमरी, डिस्क, जीपीयू यांपैकी काय शंभर टक्क्यांना टेकतं ते कागदावर लिहून घ्यावं. मग नेहमीच्या लॅबकडून एकाच फोटोची ८ बाय १२ ची प्रिंट काढून आणावी, त्यांना कोणतीही दुरुस्ती करू नका असं बजावून, आणि ती चांगल्या पांढऱ्या उजेडात मॉनिटरशेजारी धरावी. तो कागद आणि ती प्रिंट घेऊनच दुकानाची पायरी चढा.