पाणी सुधारून मगच तलावाला कुलूप



वैशाखात आपल्या खान्देशात पारा 44-45 अंशांवर जाऊन बसतो. जळगाव काय आणि धुळे काय, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. अशा दिवसांत ज्या गावी किंवा ज्या शाळेत पोहण्याचा तलाव आहे, तिथे मात्र पोरांची जत्रा भरलेली असते. अखजीला माहेरी आलेल्या लेकींची मुलेही त्यात भर घालतात. पुढे मृग लागतो, शाळा उघडतात आणि तलावाला कुलूप बसते. कुलूप लावण्याआधीच्या दहा-पंधरा दिवसांबद्दल आज बोलायचे आहे, कारण तलावाची सगळ्यांत जास्त हेळसांड होते ती याच दिवसांत.

होते असे, की पाणी हिरवट दिसू लागते आणि व्यवस्थापक मंडळी म्हणतात, "आता आठच दिवस राहिले. पावसाळ्यानंतर उपसून टाकू." हा हिशेब दोन्ही बाजूंनी चुकतो. पहिली बाजू आजची. गर्दी सर्वांत जास्त असते त्याच वेळी पाणी सर्वांत वाईट असते. हिरव्या पाण्यात तळ दिसत नाही. दहा-बारा वर्षांचे मूल पाण्याखाली गेले, तर काठावर उभ्या असलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ते दिसत नाही. बुडणारे मूल ओरडत नाही, हात हलवून हाकही मारत नाही. ते मुकाट्याने खाली जाते. म्हणून गुरुजींनी एक नियम घालून घ्यावा. तलावाच्या सर्वांत खोल भागी तळाशी वीतभर काळी खूण करून घ्यावी. काठावरून ती स्पष्ट दिसली नाही, तर त्या दिवशी कोणीही पाण्यात उतरायचे नाही. मग पालक रागावोत की सरपंच.

रोगराईचेही आहेच. डोळे येणे, कान फुटणे, हगवण हे नेहमीचे. त्याशिवाय कोमट, साचलेल्या पाण्यात एक अतिसूक्ष्म जीव वाढतो. तो नाकावाटे मेंदूत शिरतो. हा आजार फार विरळा, पण जडला की बहुधा जीवच घेतो. 2024 साली केरळात तळ्यात आंघोळ केलेली मुले याच आजाराने दगावली. पुरेसा क्लोरीन असलेल्या पाण्यात हा जीव टिकत नाही.

आता दुसरी बाजू, उपसून टाकण्याची. विहिरीचा गाळ काढायचा तो उन्हाळ्याच्या शेवटी, पाणी तळाला गेलेले असताना, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. पण बांधीव तलावाला हा न्याय लावू नये. आपली जमीन काळी. पावसाने ती फुगते आणि भिंतींवर बाहेरून दाब देते. भूजल वर आले तर तळावरही खालून रेटा येतो. आत पाणी असेल तर ते या दाबाला तोलून धरते. आत रिकामे असेल तर भिंतीला तडे जातात, प्रसंगी तळ उचलला जातो. शिवाय ज्या मुलखात मे महिन्यात टँकरची वाट पाहत बायका हंडे घेऊन उभ्या असतात, तिथे दोन लाख लिटर पाणी नाल्यात सोडायचे आणि तेवढेच पुन्हा भरायचे, हे मनाला पटत नाही. तेव्हा आहे तेच पाणी सुधारायचे, आणि ते पावसाच्या आधी.

सुधारायचे म्हणजे काय? आधी जाळीने पाने, काड्या, मेलेले बेडूक काढा. भिंती व पायऱ्या ब्रशने घासून शेवाळ सुटे करा. गाळणयंत्र असेल तर ते धुऊन घ्या. हे न करता औषध टाकले, तर निम्मे औषध पालापाचोळाच खाऊन टाकतो.

मग औषध. ग्रामपंचायतीत पाण्यासाठी मिळणारी टीसीएल पावडर सर्वांच्या ओळखीची आहे. ती किती टाकायची हे मुलांना गणित म्हणून घालावे. तलाव 20 मीटर लांब, 8 मीटर रुंद, उथळ टोकाला 1 मीटर आणि खोल टोकाला दीड मीटर. सरासरी खोली सव्वा मीटर. म्हणजे 200 घनमीटर, अर्थात दोन लाख लिटर. हिरवे पाणी मारायला लिटरमागे 10 मिलिग्रॅम क्लोरीन धरा. दोन लाख लिटरला झाला 2 किलो. पण टीसीएल म्हणजे निव्वळ क्लोरीन नव्हे. ताज्या पावडरीत तो शेकडा 33 च्या आसपास असतो. आपल्याकडच्या उष्म्यात, तोंड उघडे राहिलेल्या पिशवीत तो भराभर उतरतो. शेकडा 25 धरून चाललात तर 8 किलो पावडर लागेल. पिशवीवरची तारीख जुनी असेल तर ती पावडर घेऊच नका. वास गेलेली टीसीएल म्हणजे नुसता चुना.

पावडर थेट तलावात उधळू नये. प्लास्टिकच्या बादलीत पाणी घेऊन त्यात थोडी थोडी कालवावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी तलावाच्या चारी बाजूंनी ओतावे. नाकाला फडके बांधावे, वारा पाठीशी घ्यावा. रॉकेल, तेल, रासायनिक खत किंवा संडास धुण्याचे आम्ल यांच्याजवळ ही पावडर ठेवू नये. त्यांच्याशी मिसळली तर विषारी वायू सुटतो, आगही लागू शकते. हे काम विद्यार्थ्यांना सांगू नये, मोठ्या माणसानेच करावे.

आणि वेळ? सूर्य मावळल्यावर. पुष्कळ जण सकाळी टाकतात आणि संध्याकाळी तक्रार करतात की गुण आला नाही. येणार कसा? मे महिन्याचे ऊन पाण्यातला क्लोरीन काही तासांत उडवून देते. रात्रभर त्याला काम करू द्या. पहाटे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून क्लोरोस्कोपने पाणी तपासून घ्या. पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. रंगच आला नाही तर सगळा क्लोरीन घाणीतच खपला असे समजा आणि रात्री पुन्हा तेवढाच द्या. दोन-तीन रात्री लागतील. तोवर तलाव बंद. रंग नारिंगी येत असेल तर क्लोरीन फार आहे, तो उतरेपर्यंतही बंदच.

शेवाळ मेले की हिरवे पाणी राखट-दुधट होते. पाणी बिघडले म्हणून इथे घाबरू नये. आता पाळी तुरटीची. लिटरला 20 मिलिग्रॅम म्हणजे आपल्या तलावाला 4 किलो. निराळ्या बादलीत विरघळवून संध्याकाळी ती सगळीकडे पसरावी. टीसीएलच्या बादलीत तुरटी कधीच टाकू नये. रात्री पाणी हलवायचे नाही. सकाळी सगळा गाळ तळाशी बसलेला दिसेल. शेतात पाइपने पाणी ओढून घेतो तसा तो हळूच ओढून बाहेर काढावा. हे पाणी लगेच नाल्यात किंवा मत्स्यतळ्यात सोडू नये. खड्ड्यात चार दिवस उन्हात ठेवून मग झाडांना घालावे.

मोरचुदाबद्दल विचारले जाईलच. केळीवाल्यांच्या घरी तो बोर्डो मिश्रणासाठी असतोच, आणि शेवाळाला तो मारतो हेही खरे. पण आपल्या जड पाण्यात त्याचा पुष्कळ भाग वाया जातो, भिंतींना डाग पडतात आणि मासे मरतात. टीसीएलने काम होत असताना त्याच्या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे.

ज्या गावी तलाव नाही, तिथली मुले विहिरीत पोहणारच. पण पिण्याच्या विहिरीत नाही. पायविहिरीत उतरून पाणी भरण्याने नारूचा रोग किती पसरला होता, हे जुन्या लोकांना आठवत असेल. महाराष्ट्रही त्या रोगाच्या राज्यांपैकी एक होता. लोकांचे पाय पाण्यापासून दूर ठेवले, पाणी गाळून प्यायला शिकवले, तेव्हा कुठे 1996 साली देशातला शेवटचा रोगी आढळला आणि 2000 साली भारत नारूमुक्त ठरला. पिण्याची विहीर वेगळी आणि पोहण्याची वेगळी, एवढे गावाने ठरवावे. पोहण्याच्या विहिरीचा गाळ काढायला उतरणार असाल, तर आत डिझेल इंजिन चालू ठेवून कोणी खाली जाऊ नये. त्याच्या धुराने विहिरीत माणसे गुदमरून मेली आहेत.

पाणी निवळले, काळी खूण दिसू लागली, शेवटचे आठ दिवस मुले सुखाने पोहली. आता तलाव मिटायचा. पाणी काठाच्या वीतभर खाली ठेवा आणि भोवतालचे पावसाचे पाणी आत येणार नाही असा चर खणा. कुंपणाची फाटकी तार आजच बांधा. बंद तलावाकडे कोणाचे लक्ष नसते, म्हणून एकट्यादुकट्या पोराला तो अधिक धोक्याचा. राहिले डास. चार महिने दर आठवड्याला औषध टाकणे होत नसेल, तर क्लोरीन पूर्ण उतरल्यावर, म्हणजे क्लोरोस्कोपला अजिबात रंग येईनासा झाल्यावर, गप्पी मासे सोडा. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा, तिथे ते पाळलेले असतात. आणायला जाताना रुंद तोंडाचे भांडे न्या आणि त्यात नळाचे ताजे पाणी घालू नका, नाहीतर मासे वाटेतच मरतील.