गुडघ्याचा भरवसा

साखरखेर्ड्यात कबड्डी खेळताना माझ्या गुडघ्यात ‘खट्’ आवाज झाला, त्याला तीस वर्षं झाली. आतलं पुढचं लिगामेंट तुटलं होतं. नडगीचं हाड पुढं सरकू नये, हे त्याचं काम. गुडघ्याची खबरही ते मेंदूला देत असतं. ते तुटलं तरी सरळ चालता येतं. वळताना पाय दगा देतो. मग भीतीनं मांडीचे पुढचे-मागचे स्नायू एकदमच आवळले जातात. वर्षभर मी असाच ताठ पायानं चाललो. लोकांना वाटे, कवीला गुर्मी आली! फिजिओथेरपिस्टनं समजावलं, ‘मांडीमागचे स्नायू नडगीला मागं ओढतात. त्यांना बळ द्या, एका पायावर तोल साधा.’ महिनोन्‌महिने तेच केलं. वळणं जमलं. सिजद्यातून उठताना मात्र अजूनही हात टेकतो.