कुंड कोण कोरतं?



वैशाखातल्या संध्याकाळी धबधब्यांवर बोलायचं ठरवलं, याला कारण आहे. धबधबा पाहायला श्रावणात जावं, पण धबधब्यानं केलेलं काम पाहायला याच दिवसांत जावं. ओढे आटले आहेत, कुंडांचे काठ उघडे पडले आहेत. एरवी फेसाखाली झाकलेल्या खडकाला आज हात लावता येतो.

सगळ्यांच्या ओळखीची जागा घेऊ. अजिंठा लेण्यांच्या नालेच्या आकाराच्या कड्यापाशी वाघूर नदी टप्प्याटप्प्यानं उड्या घेत खाली येते. तिथल्या कुंडांमुळे त्या जागेला सातकुंड म्हणतात. हीच वाघूर पुढे तापीला मिळते आणि तिच्यावरच्या धरणाचं पाणी जळगाव शहर पितं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून कारागिरांनी तिथं लेणी खोदली, लेण्यांतून प्रवाहापर्यंत उतरायला दगडी पायऱ्याही केल्या. त्यांच्या कितीतरी आधीपासून त्याच दगडावर नदीचं खोदकाम चालू होतं. कारागिरांच्या हातात छिन्नी होती. नदीची छिन्नी कोणती?

आधी दगड समजून घेऊ. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथं, खानदेशात आणि अजिंठ्याच्या डोंगरांत, लाव्हाचे थर एकावर एक पसरले. थराचा मधला भाग घट्ट असतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र राहतो आणि दोन थरांमध्ये कधी तांबड्या मातीचा ठिसूळ पट्टा सापडतो. पाणी घट्ट थराच्या काठावरून पडतं आणि खालचा कच्चा थर आधी झिजतो. पायथ्याशी कपार तयार होते, वरचा दगड आधाराविना लोंबकळतो आणि एक दिवस कोसळतो. असा कडा मागे मागे सरकत जातो. धुळे-नंदुरबार भागात तर लाव्हानं जमिनीच्या भेगांत शिरून उभ्या दगडी भिंती घातल्या आहेत. जिथं अशी भिंत शेजारच्या खडकाहून कठीण असते आणि ओढा ती ओलांडतो, तिथंही पायरी पडू शकते.

आता पाण्याचा जोर पाहा. 20 मीटरांवरून पडणारं पाणी हवेचा अडथळा धरला नाही तर ताशी सुमारे 70 किलोमीटर वेगानं खाली आदळतं. एवढा मार भेगाळलेल्या खडकाचे ठोकळे उचकटू शकतो. पण अखंड काळ्या पाषाणावर नुसत्या पाण्याचं फारसं चालत नाही. तिथं लागतात गारगोट्या. लाव्हातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे गारेची खनिजं भरली. ती मूळ खडकापेक्षा कठीण असतात. खडक झिजला की या गारगोट्या सुट्या होतात, पुरात घरंगळतात, कुंडात पडून गरगर फिरतात आणि तळ घासतात. ज्या खडकात त्या जन्मल्या, तोच खडक त्या कोरतात. ही नदीची छिन्नी. कुकडी नदीवरच्या निघोजचे रांजणखळगे अशाच फिरत्या दगडांनी खोदले आहेत.

मात्र कुंड अमर्याद खोल होत नाही. खोली वाढली की पडणाऱ्या धारेचा जोर पाण्यातच विरतो. दगड बाहेर फेकले जात नाहीत, तळाशी साचतात आणि ज्यांनी तळ खोदला तेच त्याला झाकून ठेवतात. संशोधक जोएल शाईनग्रॉस, मायकेल लॅम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यानं प्रयोगशाळेत एकसारख्या कृत्रिम खडकावरून पाणी आणि खडी सोडली. कठीण-मऊ थर नसतानाही त्यात पायऱ्या आणि कुंडं आपोआप तयार झाली. हे निष्कर्ष 2019 मध्ये ‘नेचर’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाले. एका कुंडाचा तळ खडीनं झाकला गेला आणि शेजारच्याची झीज चालू राहिली, की मधली पायरी वाढते आणि तिचा धबधबा होतो.

बर्फाच्या मुलखात रीत थोडी वेगळी. मोठी हिमनदी आपली दरी खोल खणते, तिला मिळणारी छोटी हिमनदी तेवढं खणू शकत नाही. बर्फ वितळल्यावर छोटी दरी उंचावर टांगलेली राहते आणि तिच्या तोंडातून धबधबा पडतो. दरीच्या माथ्याशी बर्फ खडक उपसून खोलगट जागा करतो. हिमालयातलं हेमकुंड आणि रूपकुंड ही अशीच हिमनदीची देणगी. पण स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्न शहरात 1872 मध्ये साडेनऊ मीटर खोल खळगा सापडला, तोही शेवटी हिमनदीखाली दाबानं धावणाऱ्या पाण्यानं आणि दगडगोट्यांनीच घडवलेला आहे. आपल्या महाराष्ट्रातही चंद्रपूर जिल्ह्यातल्या इरईजवळ सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीच्या हिमनदीचे ओरखडे खडकावर आहेत. खानदेशचा लाव्हा त्यानंतर कितीतरी काळानं आला. म्हणून आपली कुंडं सर्वस्वी पाण्याची आणि दगडांची.

हे सगळं सांगण्यामागं माझी एक कळकळ आहे. कुंडाचं भवितव्य कुंडात ठरत नाही, ते वरच्या उतारावर ठरतं. थोडी गारगोटी कुंड खोल करते, गाळाचा लोंढा तेच कुंड बुजवतो. झाडी गेली, उतार उघडे पडले की पहिल्याच पावसात माती खाली येते. यावलजवळचं मनुदेवीचं खोरं असो की चाळीसगावजवळचं पाटणादेवीचं केदारकुंड, सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगरांत ओढे थांबल्यावर कुंडांतलं पाणीच पशुपक्ष्यांना आधार देतं. कुंड भरलं की हा आधार तुटतो.

तरुणांना वेगळं सांगतो. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, ते अंगाला तोलून धरत नाही. पायथ्याशी कपारी असतात आणि भोवरा माणसाला तिकडेच ओढतो. चांगल्या पोहणाऱ्यानंही पुराच्या दिवसांत कुंडात उतरू नये.

आणि शिक्षकांना एक विनंती. आपल्या शाळेजवळचं एक कुंड निवडा. वनखात्याची परवानगी घेऊन दरवर्षी वैशाखात, मोठ्यांच्या देखरेखीखाली, काठावरून दोरीला दगड बांधून त्याची खोली मोजा. पावसाळा उलटून प्रवाह शांत झाला की पुन्हा मोजा. सोबत वरच्या उतारावरची झाडी आणि नांगरट वहीत नोंदवा. दहा वर्षांच्या नोंदी जमल्या, तर कोणत्या खोऱ्यात आधी झाडं लावायची आणि कुठं माती अडवायची, हे खानदेशाला स्वतःच्या आकड्यांवरून ठरवता येईल. हे काम यंदाच्या पावसाच्या आधी सुरू करा.