वादळांचे नामकरण



३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर 'निसर्ग' चक्रीवादळ आदळले. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. अशा संहारकाला 'निसर्ग' हे नाव दिले तरी कोणी?

बांगलादेशाने. बंगालचा उपसागर व अरबी समुद्रातील वादळांना नावे देण्याची पद्धत २००४ साली सुरू झाली. आठ देशांनी प्रत्येकी आठ नावे सुचविली. पुढे पाच देश वाढले आणि २०२० मध्ये १६९ नावांची नवी यादी झाली. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरपर्यंत पोहोचला, की दिल्लीतील आपला हवामान विभाग यादीतील पुढचे नाव जाहीर करतो. वादळ कोणाच्या किनाऱ्याकडे निघाले आहे, याचा नावाशी संबंध नसतो.

नावे हवीतच कशाला? ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस अरबी समुद्रात 'क्यार' आणि 'महा' ही दोन वादळे एकाच वेळी घोंघावत होती. आकाशवाणीवर इशारा ऐकणाऱ्या कोळ्याला नुसत्या अक्षांश-रेखांशांवरून काय उमगणार?

परंतु नाव कोणाचे द्यावे, हा प्रश्न नाजूक आहे. ऑस्ट्रेलियातील हवामानतज्ज्ञ क्लेमेंट रॅग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याला न आवडणाऱ्या राजकारण्यांची नावे वादळांना देत असे! अमेरिकेने १९५३ पासून केवळ स्त्रियांचीच नावे दिली. तेथील स्त्रियांनी हरकत घेतल्यावर १९७९ मध्ये अटलांटिकच्या यादीत पुरुषांचीही नावे आली.

आपल्या शेजारी २०१३ साली श्रीलंकेनेच सुचविलेले 'महासेन' हे नाव एका वादळाला मिळाले. महासेन हा तेथील प्राचीन राजा, मिन्नेरियाचा विशाल जलाशय बांधणारा. ज्याने शेताला पाणी दिले, त्याचे नाव संसार बुडविणाऱ्या वादळाला? श्रीलंकेत निषेध झाला, नाव मागे घेतले गेले आणि त्याच वादळाचा उल्लेख पुढे 'वियारू' असा होऊ लागला. मला तो निषेध सर्वथा रास्त वाटतो.

भारताची पहिली आठ नावे पाहा : अग्नी, आकाश, बिजली, जल, लहर, मेघ, सागर, वायू. त्यांत ना राजा, ना कोणी व्यक्ती. पंचमहाभूतांपैकी चार आली. पृथ्वी तेवढी राहिली! नव्या यादीसाठी तर नियमच झाला, की नाव राजकारण, धर्म, संस्कृती व लिंगभेद यांपासून अलिप्त असावे. त्या यादीतील आपले पहिले नाव 'गती'. नोव्हेंबर २०२० मध्ये ते वादळ सोमालियाच्या किनाऱ्यावर जाऊन आदळले.