सगळ्यांच्या 17 मॅचेस धरू नका: फँटसी ड्राफ्टमध्ये रनिंग बॅक कसा निवडायचा

ऑगस्ट 2025 संपत आलाय, एनएफएलचा सीझन दारात आहे आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे ड्राफ्ट याच आठवड्यात आहेत. माझाही आहे. त्यामुळे आज बाकी काही नाही, फक्त रनिंग बॅक.

आधी माझी लाज काढून घेतो. गेल्या वर्षी, म्हणजे 2024 ला, आमच्या ऑफिसच्या बारा जणांच्या लीगमध्ये चिठ्ठीत मला पहिला नंबर आला. पहिला! म्हणजे अख्ख्या एनएफएलमधला कोणताही खेळाडू उचला. मी पायथनमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली होती. तीन वर्षांचे आकडे, लीगचे पॉइंटचे नियम, सगळं घालून. स्क्रिप्टने सांगितलं, क्रिश्चन मॅकॅफ्री. खरं तर त्यासाठी स्क्रिप्ट लागतच नव्हती, सगळं जग तेच म्हणत होतं. 2023 मध्ये त्याने धावून 1459 यार्ड काढले होते, 67 कॅच घेतले होते आणि 21 टचडाऊन केले होते. पीपीआर लीगमध्ये साधारण 390 पॉइंट.

मग पहिला आठवडा. सोमवारची रात्र, जेट्सविरुद्ध मॅच. सुरू व्हायला दीड तास असताना फोनवर नोटिफिकेशन आलं, मॅकॅफ्री खेळत नाहीये. त्याच्या जागी जॉर्डन मेसन आला आणि 28 वेळा बॉल घेऊन 147 यार्ड धावला. मेसन माझ्याकडे नव्हता, हे वेगळं सांगायला नको. मॅकॅफ्री पूर्ण सीझनमध्ये 4 मॅच खेळला आणि एकही टचडाऊन केला नाही. मी लीगमध्ये शेवटचा. आमच्याकडे शेवटच्या नंबराला शिक्षा म्हणून दर सोमवारी सगळ्यांसाठी डोनट आणावे लागतात. काउंटरवरची मुलगी आता मला ऑर्डर विचारत नाही, बॉक्सच भरायला घेते.

नंतर स्क्रिप्ट उघडून बघितली. वरून चौथ्या की पाचव्या ओळीत मीच लिहून ठेवलं होतं: मॅचेस बरोबर 17. प्रत्येकासाठी! चूक मॅकॅफ्रीला घेण्यात कमी आणि त्या ओळीत जास्त होती. पण ते आपण नंतर बघू.

जे नवीन ऐकतायत त्यांच्यासाठी थोडक्यात. फँटसी क्रिकेटमध्ये तोच बॅट्समन लाखो लोकांच्या टीममध्ये असू शकतो. इथे तसं नाही. आयपीएलच्या ऑक्शनसारखं आहे, फक्त पैशांऐवजी नंबराने निवडायचं. एक खेळाडू, एक मालक. पहिल्या फेरीत एक ते बारा, दुसऱ्या फेरीत उलटं, बारा ते एक. तुम्ही ज्याला सोडलं तो दुसऱ्याचा झाला.

आणि रनिंग बॅक म्हणजे कोण? क्वार्टरबॅक ज्याच्या हातात बॉल देतो आणि जो समोरच्या गर्दीत घुसतो, तो. मला तो कबड्डीतल्या रेडरसारखा वाटतो. एकटा आत जातो आणि समोरचे सगळे त्याच्या पायाला. फरक एवढाच की इथे ते सगळे शंभर-दीडशे किलोचे असतात आणि पकडीनंतर वरून आणखी दोघं येऊन पडतात.

आता कबड्डीच्याच भाषेत माझा पहिला नियम. रेडरचे गुण बघायच्या आधी त्याला चढाया किती मिळाल्या ते बघा. नवीन माणूस मागच्या वर्षीचे एकूण पॉइंट बघून निवडतो. पॉइंट हा निकाल झाला. बॉल किती वेळा हातात आला, कुठे आला आणि कसा आला, हे कारण आहे.

कसा आला, हे आधी घेऊ. दहा यार्डांना एक पॉइंट. हातात बॉल घेऊन धावला तर सरासरी चार-सव्वाचार यार्ड मिळतात, म्हणजे अर्ध्या पॉइंटपेक्षाही कमी. पण त्याच माणसाने छोटासा कॅच घेतला आणि सात यार्ड पळाला, तर पीपीआरमध्ये कॅचचा एक आणि यार्डांचे 0.7, असे 1.7. जवळजवळ चौपट! सगळे पास काही पकडले जात नाहीत, ते धरूनही तिप्पट म्हणा.

याचं माझं आवडतं उदाहरण 2022 चं. निक चब धावून 1525 यार्ड. ऑस्टिन एकेलर धावून फक्त 915. सहाशे यार्डांचा फरक. धावणं आणि कॅच मिळूनसुद्धा चबचेच यार्ड जास्त होते. पण एकेलरने 107 कॅच घेतले, चबने 27. एकेलरचे टचडाऊन 18, चबचे 13. शेवटी पीपीआरमध्ये एकेलर ढोबळमानाने 90 पॉइंटांनी पुढे. मैदानावर बघाल तर चब जास्त भारी दिसायचा, यात वादच नाही. म्हणून ड्राफ्टच्या आधी आपल्या लीगचे नियम उघडून वाचा. कॅचला पॉइंटच नसेल तर हे सगळं गणित मोडतं. दरवर्षी कोणीतरी एक जण ड्राफ्टच्या मध्यात विचारतो, "अरे, आपलं पीपीआर आहे का?" तो तुम्ही होऊ नका.

आता बॉल कुठे मिळाला. गोललाईनपासून दोन यार्डांवर मिळालेला एक बॉल हा मैदानाच्या मध्यावर मिळालेल्या दहा बॉलांना भारी पडू शकतो, कारण टचडाऊनचे सहा पॉइंट. पण इथेच माणसं फसतात. जमाल विल्यम्स, 2022, डेट्रॉइट लायन्स. धावून 17 टचडाऊन, पूर्ण लीगमध्ये सगळ्यात जास्त, आणि त्यातले बरेचसे अगदी एक-दोन यार्डांवरून. पुढच्या वर्षी तो सेंट्समध्ये गेला. तिथे टचडाऊन किती? एक. 17 वरून एक! आणि लायन्सने त्याच्या जागी आणलेल्या डेव्हिड माँटगमरीने त्या वर्षी 13 टचडाऊन केले. माणूस गेला, खुर्ची तिथेच राहिली. तेव्हा टचडाऊन बघताना विचारायचं, ही याच्या पायांची कमाई आहे की याच्या खुर्चीची?

सेकॉन बार्कली त्याच्या उलट. 2023 मध्ये जायंट्सकडे 962 यार्ड, प्रत्येक धावेला 3.9. मग ईगल्सकडे गेला आणि 2024 मध्ये 2005 यार्ड, प्रत्येक धावेला 5.8. पाय तेच, वयाने उलट एक वर्ष मोठा. फरक पुढच्या पाच धिप्पाड लोकांचा, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाईनचा. त्यामुळे खेळाडूचं नाव वाचताना त्याच्या पुढच्या पाच जणांचीही चौकशी करा. ही पोरं कोणाच्याच फँटसी टीममध्ये नसतात, पण तुमचे पॉइंट तीच काढून देतात. (आणि एक सांगतो, ईगल्सची गोललाईनची खुर्ची बार्कलीची नाहीच. तिथे क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स स्वतः ढकलून आत जातो. गेल्या वर्षी धावून हर्ट्सचे टचडाऊन 14, बार्कलीचे 13.)

बरं, आता ती 17 मॅचेसवाली ओळ.

तुम्ही "370 चा शाप" ऐकला असेल. एका सीझनमध्ये 370 किंवा जास्त वेळा बॉल घेऊन धावला की पुढच्या वर्षी माणूस मोडतो. उदाहरणं अंगावर येतात. टेरेल डेव्हिस, 1998 ला 392 वेळा, 2008 यार्ड. पुढच्या वर्षी चार मॅचेसमध्ये गुडघा गेला. लॅरी जॉन्सन, 2006 ला 416 वेळा, हा तर विक्रम. पुढच्या वर्षी आठ मॅच आणि पायाला दुखापत. डेरिक हेन्री, 2020 ला 378 वेळा, 2027 यार्ड. पुढच्या वर्षी पुन्हा आठ मॅच, पुन्हा पाय.

पण माझ्यातला इंजिनिअर इथे थोडा अडतो. 370 पर्यंत पोचायला काय लागतं? वर्षभर फिट राहावं लागतं, फॉर्म लागतो, टीम जिंकत असावी लागते, नशीबही लागतं. म्हणजे आपण वेचून काढलेत ते सगळ्यात चांगलं वर्ष गेलेले लोक. त्यांचं पुढचं वर्ष साधारण गेलं तरी ते कोसळल्यासारखंच दिसणार. बोर्डात पहिला आलेला पुढच्या परीक्षेत चौथा आला म्हणून त्याला कोणाची नजर लागली असं होत नाही. शिवाय हेन्री बघा की! 2024 मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी रेव्हन्सकडून 1921 यार्ड धावला. म्हणून 370 वर रेघ ओढून 369 वाला सुरक्षित आणि 371 वाला संपला, हे मला पटत नाही.

पटतं ते एवढंच की हे काम शरीर खातं आणि जास्त काम जास्त खातं. मॅकॅफ्रीने 2023 मध्ये प्लेऑफ धरून बॉल चारशेच्या वर वेळा हाताळला होता. हे माझ्यासमोर होतं. मी ते गुणांमध्ये धरलं, झिजेमध्ये धरलं नाही.

आता जरा वेगळी गोष्ट सांगतो. 18 सप्टेंबर 2023. ब्राऊन्स विरुद्ध स्टीलर्स, मी घरी एकटा बघत होतो. निक चबच्या गुडघ्यावर टॅकल बसला. दुखापत इतकी वाईट होती की टीव्हीवर रिप्ले दाखवलाच नाही. मैदानात खेळाडू गुडघ्यावर बसले होते. आणि माझ्या हातात फोन होता. मी जेरोम फोर्डचं नाव टाइप करत होतो, त्याच्या जागी येणाऱ्याचं, कोणी उचलायच्या आधी त्याच्यावर बोली लावायला. चबला अजून मैदानाबाहेर नेलंही नव्हतं. फोर्ड मिळाला मला. लीगच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "काय चपळ आहेस!" मला दोन दिवस ते पुन्हा उघडून वाचावंसं वाटलं नाही.

त्याच वर्षी जुलैमध्ये बऱ्याच रनिंग बॅकनी मिळून व्हिडिओ कॉल केला होता, पैशांबद्दल. बार्कली आणि जॉश जेकब्स यांना टीमने फ्रँचाइझ टॅग लावला होता, म्हणजे लांबचा करार नाही, एका वर्षाचे सुमारे 1 कोटी 1 लाख डॉलर. आकडा मोठा वाटतो. पण टीमचं गणित ऐका: चार-पाच वर्षं तरुण पाय वापरायचे, सत्तावीस-अठ्ठावीसला उतार लागतो, त्याच्या आधी सोडायचं, नवीन घ्यायचा. मी हे वाचून चिडलो होतो. मग माझ्या ड्राफ्टच्या शीटमधला वयाचा कॉलम बघितला. 27 च्या वर लाल रंग. तो मीच लावला होता.

कॉलम मी काढलेला नाही. खोटं कशाला बोलू, तो उपयोगी आहे.

तर या वर्षी मी काय बदललं? रनिंग बॅकसाठी 17 च्या जागी 14 मॅचेस धरल्यात, आणि मागच्या वर्षी प्लेऑफसकट 350 च्या वर बॉल घेतलेल्यांना 13. हे आकडे अंदाजाचे आहेत, कुठल्या थोर संशोधनाचे नाहीत. पण एवढ्याने यादी किती हलते ते बघून मीच चकित झालो. बार्कली 2024 मध्ये प्लेऑफ धरून 436 वेळा धावला. माझ्या शीटवर तो पहिल्या तिनात येत नाही. पहिल्या फेरीच्या शेवटाला मिळाला तर घेईन, नाहीतर दुसऱ्याला शुभेच्छा. बिजन रॉबिन्सन वर आलाय: 23 वर्षांचा, 304 वेळा धावून 1456 यार्ड, वर 61 कॅच. दोन्हीकडून कमाई आणि फाल्कन्सची खुर्चीही त्याचीच. जमीर गिब्ज त्याच्या मागोमाग, माँटगमरी गोललाईनवरचे काही घास खातो तरीही. आणि पीपीआर असेल तर डेव्हॉन एचेन विसरू नका, गेल्या वर्षी 78 कॅच.

रूकींबद्दल मेसेज बरेच आलेत, विशेषतः ॲश्टन जेंटीबद्दल. कॉलेजमध्ये 2601 यार्ड, रेडर्सने सहाव्या नंबरावर घेतला, बॉल त्यालाच मिळणार हे नक्की. पाय ताजे, खुर्ची रिकामी. माझी शंका फक्त पुढच्या पाच जणांवर आहे. दुसऱ्या फेरीत घेईन, पहिल्या फेरीत हात आखडेल.

आणि मॅकॅफ्री? तो या वर्षी 29 चा आहे. स्क्रिप्टने त्याला 14 मॅचेस देऊनसुद्धा पहिल्या बारात ठेवलंय. मला आठवा नंबर मिळालाय. तो आठव्यापर्यंत उरला तर काय करायचं हे मी अजून ठरवलेलं नाही. बायको म्हणते, डोनटवाल्यांना आधीच कळवून ठेव.

ड्राफ्ट रविवारी रात्री आहे. पुढच्या एपिसोडमध्ये माझी पूर्ण टीम वाचून दाखवतो, हसायला तयार राहा. तुमच्या लीगचे नियम आणि तुमचा नंबर व्हॉइस नोटवर पाठवा, जमतील तेवढे घेतो. चला, भेटू.