थंडी, फोडणी आणि घरून जाणारा फोन

मी मांजर्लीतून बोलतेय. घरगुती मसाले, भाजण्या, मेतकूट करून देण्याचं माझं काम तुमच्यातल्या बऱ्याच जणींना माहीत आहे. पूर्वी माझी धावपळ असायची ती दिवाळीच्या आधी. आता ऑगस्ट-सप्टेंबरमध्येही असते, कारण मुलं परदेशी शिकायला निघालेली असतात. "काकू, अर्धा किलो गोडा मसाला, पाव किलो मेतकूट, पण पाकीट नीट सील करा हं, विमानात न्यायचंय." असं म्हणत आया येतात. व्हिसा कधी आला, कर्ज किती काढलं, बॅगेचं वजन किती भरलं, सगळं उभ्या उभ्या सांगतात.

आणि डिसेंबरात त्याच आया परत येतात तेव्हा बोलण्याचा सूर बदललेला असतो. "काही बोलतच नाही हो फोनवर. सगळं छान आहे म्हणते आणि ठेवून देते." त्या 'सगळं छान आहे'बद्दल मला आज बोलायचं आहे.

आपल्याकडून कल्याण किती लांब? अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी आणि मग कल्याण. त्या कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना, म्हणजे लग्नानंतरची आनंदीबाई जोशी. २०१९ साली आलेला 'आनंदी गोपाळ' हा सिनेमा आपण बहुतेकींनी पाहिलाय, त्यामुळे गोष्ट माहीत आहे. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, ते दहा दिवसांत गेलं, आणि मग डॉक्टर व्हायचा ध्यास. एप्रिल १८८३ मध्ये ती कलकत्त्याहून बोटीत बसली आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. वय अठरा. नवरा बरोबर नाही, माहेरचं कोणी नाही. आपण या गोष्टीतली पदवी लक्षात ठेवतो. ११ मार्च १८८६, फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज. पण मधली तीन वर्षं ती रोज सकाळी उठून काय खात होती, कुठे झोपत होती, हे कोणी विचारत नाही. मला मात्र तेच विचारावंसं वाटतं.

पहिला उन्हाळा तिचा बरा गेला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर नावाच्या कुटुंबाने तिला घरी ठेवून घेतलं होतं. कार्पेंटरबाईंनी मासिकात गोपाळरावांचं पत्र वाचून स्वतःहून पत्रव्यवहार सुरू केला होता. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायची. घरात मुलं होती, बोलायला माणसं होती, स्वयंपाकघर होतं. परक्या देशात पाऊल ठेवल्या ठेवल्या मावशी मिळणं हे मोठंच भाग्य.

पुढे कॉलेज सुरू झालं, ती फिलाडेल्फियाला गेली आणि खरी परीक्षा तिथे लागली. तिच्या खोलीतली शेकोटी जुनी होती. पेटवली की खोलीभर धूर. नाही पेटवली तर पेनसिल्व्हेनियाचा हिवाळा. म्हणजे धुरात बसायचं की गारठ्यात, एवढंच निवडायचं. ती शाकाहारी. आपल्या चालीने राहीन, धर्म बदलणार नाही, असं श्रीरामपूरच्या भाषणात चारचौघांत सांगून निघालेली. (हे श्रीरामपूर बंगालमधलं, आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे.) तेव्हा दिवसभर अभ्यास करून स्वतःचं स्वतः शिजवायचं. आणि कपडे? नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, त्या थंडीत ते कसं जमणार? मग तिने गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. पाय झाकले गेले आणि साडीही सुटली नाही. मला तिचं हे फार आवडतं. तिने काढलेली वाट आहे ती.

पण तब्येत ढासळत गेली. तिला क्षय झाला. मैत्रिणींनो, क्षय थंडीने किंवा धुराने होत नाही, तो जंतूंनी होतो. रॉबर्ट कॉखने तो जंतू शोधल्याचं जाहीर केलं १८८२ साली, म्हणजे ती निघाली त्याच्या आदल्याच वर्षी. त्यावरचं औषध यायला पुढे साठ वर्षं लागली. तरी अपुरं जेवण, कोंदट खोली आणि कामाचा ताण यांनी शरीर खचतं आणि आजाराला फावतं, हे आपल्या दवाखान्यातली नर्सही सांगेल. नोव्हेंबर १८८६ मध्ये ती परत आली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या वॉर्डावर तिची नेमणूक झाली होती, पण रुजू होणं झालंच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात ती गेली. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

आता गोपाळरावांच्या पत्रांचं. त्यांनी तिला शिकवलं, बायकोला एकटीला सातासमुद्रापार पाठवलं, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण त्यांच्या पत्रांतून संशयाचे आणि रागाचे शब्दही यायचे. पत्राला जायला कित्येक आठवडे, उत्तर यायला तितकेच. एक टोचून लिहिलेली ओळ तोपर्यंत तिच्या उशाशी पडून राहायची. सकाळी शवविच्छेदनाचा तास, संध्याकाळी ती ओळ. अशा वेळी खोलीत धूर होतो हे ती घरी कोणत्या तोंडाने लिहिणार?

आता आपल्या मुलींकडे येऊ. माझ्या गिऱ्हाइकांपैकी एकीची मुलगी जर्मनीत आहे. पहिल्या आठवड्यात तिने वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात हिंग-मोहरीची झणझणीत फोडणी केली आणि छतावरचा धुराचा अलार्म कोकलायला लागला. सगळा मजला बाहेर. कोणी काही बोललं नाही, पण तिने धसका घेतला. त्यानंतर दोन महिने ती पोर पाव, केळी आणि पाण्यात भिजवायच्या नूडल्सवर होती. मी दिलेला गोडा मसाला तसाच बंद. आई रोज विचारायची, "जेवलीस का?" ती म्हणायची, "हो." खोटं तरी कुठे होतं ते!

एका रविवारी आईने वेगळं विचारलं. "आज कोणत्या भांड्यात काय शिजवलंस, दाखव बघू." तेव्हा रडू फुटलं आणि सगळं बाहेर आलं. उपाय तसा साधा होता. खिडकी उघडायची, चूल मंद ठेवायची, तेलाचा धूर निघायच्या आत मोहरी टाकायची, वरचा पंखा आधी लावायचा. नाहीतर डाळ शिजतानाच मसाला घालायचा, फोडणीवाचून काही अडत नाही. आता तिच्या मजल्यावरच्या दोन मुली आमटी-भात खायला येतात म्हणे.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या आयांना मी मसाल्याबरोबर चार गोष्टी सांगते. युरोपीय संघाच्या देशांत दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. तेव्हा साजूक तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या भरू नका, विमानतळावर काढून टाकतील आणि पोरीचा पहिलाच दिवस रडवेला होईल. मसाले, मेतकूट, भाजणी न्यायला हरकत नसते. कुकर द्यायचा तर बूड इंडक्शनला चालणारं बघून घ्या, साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. मिक्सर अमेरिकेला पाठवू नका, तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, म्हणून भाजी शनिवारीच आणायची. रात्री दहानंतर तिथे शांतता पाळतात, तेव्हा कुकरच्या शिट्ट्या त्याआधी.

पैशाचंही उघड बोला. जर्मनीच्या व्हिसासाठी सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो आधीच खात्यात गुंतवून ठेवावे लागतात आणि त्यातले महिन्याला ९९२ युरो हातात येतात. खोलीभाडं, आरोग्यविमा, खाणं, सगळं त्यातच. मुलं रुपयांत हिशेब करतात, सफरचंदाची पिशवी उचलतात आणि परत ठेवतात. घरी कर्जाचा हप्ता आहे हे त्यांना पाठ असतं. त्याची आठवण आपण दर फोनला करून द्यायची गरज नाही. आणि विमा भरलेला असतो तो वापरायला असतो. अंगावर काढू नको, डॉक्टरकडे जा, हे आपल्या तोंडून त्यांना ऐकू येऊ दे. जर्मनीत जिवावरचं संकट असेल तर ११२, आणि दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७. हे दोन नंबर इथे आपल्या फ्रिजवरही लिहून लावा.

तिकडे डिसेंबरात चार-साडेचारला अंधार पडतो. मुलं म्हणतात, दुपारीच दिवस संपल्यासारखा वाटतो. त्या दिवसांत फोनवर काय विचारायचं? "अभ्यास कसा चाललाय" नको. तो चाललेलाच असतो. खोली गरम होते का, हीटर चालतो का, खिडकी उघडतेस का, आज कोणाशी मराठीत नाही तर कुठल्याही भाषेत पाच मिनिटं बोललीस का, हे विचारा. "किती बारीक झालीस", "केस का कापलेस", "हे काय घातलंयस" हे ओठावर आलं तरी गिळा. आनंदीबाईने साडी नेसायची पद्धत बदलली ती थंडीमुळे. आपली पोर जीन्सवर दोन स्वेटर घालून बसलेली असते ती पण थंडीमुळेच.

आणखी एक. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात. आत्तापर्यंत आपल्यात आणि जर्मनीत साडेतीन तासांचा फरक असतो, त्या दिवसापासून तो साडेचार होतो आणि मार्च संपेपर्यंत तसाच राहतो. रोज रात्री साडेनऊला येणारा फोन त्या दिवशी साडेदहाला आला, तर उगाच घाबरू नका. जागं राहा.